नेहमीचं

"सरूबाई, मोठ्यानं वाचा," नानासाहेब म्हणाले आणि मी वाचायचं सोडून त्यांच्याकडं बघतच राहिले. आता यात बघत राहण्यासारखं काय होतं? वकिलाच्या ऑफिसात समोर अशील बसलेली, म्हातारी बाई, कानाला जरा कमी ऐकू येतंय. तिच्या दाव्याचा कागद अंगठ्याआधी तिला वाचून दाखवायचा, तर वकील म्हणणारच की मोठ्यानं वाचा. दुसऱ्या कुणाला यात काही वाटलंही नसतं. पण मला जन्मात कुणी असं म्हटलं नव्हतं. जन्मात म्हणजे जन्मात. मला सगळे एकच सांगत आलेत, हळू. हळू बोल सरू, पाव्हणे बसलेत. हळू हस, पोरीची जात आहे. हळू गं बाई, वर घरमालक राहतात. आईनं सांगितलं, आत्यानं सांगितलं, सासूनं तर उंबरा ओलांडायच्या आत सांगितलं. आणि एकदा सिल्लोडच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, ताई, जरा हळू. एस्टीच्या कंडक्टरला माझा आवाज जास्त होतो म्हणजे बघा आता.

म्हणून इथं आल्यापासून मी ठरवूनच टाकलं होतं की तोंडातून आवाज काढायचाच नाही. विचारलं तर मान हलवायची, फारच झालं तर 'हो जी' म्हणायचं, तेही पदराआड. वकिलाच्या ऑफिसातली टायपिस्ट बाई कशी असावी, तर असून नसल्यासारखी, असं मला वाटायचं. नानासाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "महिनाभर बघू. जमलं तर राहा." तो महिना आज संपत होता. सकाळपासून मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि ते काही बोलत नव्हते. त्यांनी चष्मा पुसला की मला वाटायचं, आता सांगणार. खिशातून अडकित्ता काढला की वाटायचं, आता नक्की. पण ते सुपारी कातरायचे आणि दुसऱ्या कागदात डोकं घालायचे. जीव नुसता टांगणीला लागला होता. शहरात खंडपीठ आल्यापासून औरंगपुऱ्यात जिथं तिथं वकिलांच्या पाट्या लागल्या होत्या, आणि टायपिंग क्लासच्या जिन्यात पोरापोरींच्या चपलांचा ढीग. माझ्याहून भराभर हात चालणाऱ्या पोरी त्या ढिगातून पाय काढत रोज खाली उतरत होत्या, तेव्हा नानासाहेबांना एखादी मिळणं काही अवघड नव्हतं. आणि नाही जमलं तर काय, तेही ठरलेलं होतं. माझा नवरा बद्रीनाथ चिकलठाण्याला कंपनीत, माणूस साधा, माझ्यावर कधी आवाज चढवणार नाही, पण आईपुढं त्याचं काही चालत नाही. तो काल जेवताना म्हणाला होता, "हे बघ सरू, जमलं तर झकास. नाय जमलं तर माय म्हन्ती तसं तू गावाकडं राह्य, शेताचं बघ, मी सुट्टीला येत जाईन." त्यानं ते इतक्या प्रेमानं सांगितलं की मला ताट आपटावंसं वाटलं.

शेताचं बघणं मला काही नवं नाही. ज्वारी हुरड्यात आली की माझा बाप सांडू शेतात लाकडाचा उंच माळा घालायचा आणि पाखरं हाकायला मला त्यावर चढवायचा. हातात गोफण असायची, पण माझा धोंडा कधी धड लागला नाही, कधी कधी तर मागंच पडायचा. माझं सगळं काम तोंडानं. मी माळ्यावर उभं राहून अशी हाळी द्यायचे की आमच्या शेतातलीच काय, शेजारच्या पट्टीतली पाखरंसुद्धा उठून नदीपार जायची. लोक म्हणायचे, सांडूच्या पोरीला ठेवलंय म्हणजे राखणीची काळजी नाही. तेवढ्या एका माळ्यावर मला कुणी हळू म्हटलं नाही. आणि मग मी शहाणी झाले, म्हणजे काय झाले देव जाणे, पण बापानं मला माळ्यावरून उतरवलं आणि माझ्या जागी एक फाटका सदरा काठीला बांधला. तो सदरा वाऱ्यावर हलायचा. पाखरं त्याच्या खांद्यावर बसायची. मला बघायला लोक आले तेव्हा आईनं पढवून ठेवलं होतं, नाव सांग ते ओठातल्या ओठात सांग. मी इतकं ओठातल्या ओठात सांगितलं की सासऱ्यांनी तीनदा विचारलं, आणि शेवटी पोरगी मुकी तर नाय ना, म्हणून आत एका बाईला तपासायला पाठवलं. हसायला येतं आता, पण तेव्हा मी न्हाणीत जाऊन रडले होते.

सगीराबाजींच्या टायपिंग क्लासात मात्र मी सुखी होते. गुलमंडीजवळ एका माडीवर त्यांचा क्लास, एकाच खोलीत किती यंत्रं, आणि सगळी मिळून असा खडखडाट की शेजारच्या कापडदुकानातला माणूस ओरडून भाव सांगायचा. तिथं सगळेच ओरडून बोलायचे, मग माझं काय वेगळं? सगीराबाजी माझ्या बोटांवर पट्टी ठेवून म्हणायच्या, "सरू, मशीनपे गुस्सा मत कर, उसने तेरा क्या बिगाड्या?" मी काय राग काढत होते? असेनही. परातीच्या काठावर, नळाच्या रांगेत बादलीच्या कडेवर माझी बोटं सारखी चालायची. सासू एकदा चार दिवस राहायला आली तेव्हा तिला वाटलं मला वात झालाय, तिनं निरगुडीचं तेल आणलं. मी लावून घेतलं. काय सांगणार?

पण क्लासात शिकलेलं आणि इथलं यात फार अंतर आहे, हे मला गयासमियांनी शिकवलं. गयासमियां म्हणजे नानासाहेबांचे मुन्शी, वय झालेलं, निजामाच्या वेळी उर्दूत अर्जी लिहीत होते. पोलीस ॲक्शननंतर कोर्टाची भाषा फिरली तसे तिशीत बाराखडी गिरवायला बसले. ते सांगतात, "मेरा बच्चा और मैं, दोनों एकही पाटीपे. बच्चा मेरेकू हंसता था." आता त्यांचा घसा बसलाय, वाचून दाखवायचं काम होत नाही, म्हणून तर माझी नेमणूक. त्यांनी मला कागदाला डावीकडं किती जागा सोडायची ते शिकवलं, तीन प्रतींत कार्बन उलटा गेला तर काय होतं ते माझ्याकडून करवून घेऊन शिकवलं. आणि सगळ्यात आधी शिकवलं ते हे, "बाई, इथं जे बोललं जातं ते या उंबऱ्याबाहेर जात नै. घरवालेकू भी नै. वकिलाचं ऑफिस म्हंजे दुसऱ्याच्या घरची न्हाणी समजा." मी मान हलवली होती. न्हाणीचं तर मला बरोबर कळलं.

आणि मग त्यांनी मला नेहमीचं शिकवलं. म्हणजे असं की नानासाहेब खुर्चीत मागं रेलून सांगत जातात, मी लिहून घेत जाते. गाव, गट नंबर, विहीर कुठल्या अंगाला, बांध कुणाचा. हे सगळं फार जपून सांगतात. आणि मग एकदम हात हवेत फिरवून म्हणतात, "पुढं नेहमीचं." पहिल्या वेळी मी तेच टाईप केलं, पुढं नेहमीचं. गयासमियांनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं, की प्रत्येक दाव्यात काही वाक्यं असतात ती सांगायला लागत नाहीत, ती आपोआप येतात. प्रतिवादी हा लबाड, दांडगा व कावेबाज इसम असून वादी ही सरळमार्गी, गरीब व अडाणी असल्याचा गैरफायदा घेऊन, वगैरे वगैरे. मी विचारलं, "प्रतिवादी नेहमी लबाडच असतो का?" ते म्हणाले, "हमेशा." "आणि वादी?" "वादी हमेशा सीधीसादी." "आणि तीच माणसं दुसऱ्या दाव्यात उलटीकडं असली तर?" गयासमियां म्हणाले, "तो वो अब लबाड हो गई. बाई, इतना मत सोचो, स्पीड कम होती." मग मी विचार सोडला आणि माझी स्पीड खरंच वाढली. ते वाक्य तर माझ्या बोटांना इतकं आवडायला लागलं की लबाडपासून इसमपर्यंत हात एका दमात जायचे, बघावंही लागायचं नाही. मनात कुठंतरी यायचं, की बाई, तुझंही असंच नेहमीचं कुणीतरी लिहून ठेवलंय, सरू म्हणजे भसाड्या आवाजाची, आणि जो येतो तो न बघता तेच टाईप करतो. पण ते तेवढ्यापुरतं.

आजची ही म्हातारी, आवडाबाई, सिल्लोडच्या पुढच्या एका खेड्यातली. बाप गेला, भावानं सगळ्या जमिनीला स्वतःचं एकट्याचं नाव लावलं, हिनं हिस्सा मागितला, त्यानं ऐकलं नाही. नोटीस देऊन झाली होती, आज दावा लावायचा होता. तिनं अंगठा केला की कागद कोर्टात. काल नानासाहेबांनी सगळं सांगितलं होतं आणि विहिरीशी येऊन म्हणाले होते, पुढं नेहमीचं. आणि मी नेहमीचं टाकलं होतं, एकही चूक न करता. आता तिच्यासमोर उभी राहून मी पदराआडच्या आवाजात वाचत होते आणि ती हाताचा द्रोण करून कान पुढं आणत होती, आणखी पुढं, इतकी की खुर्चीवरून पडायची. "काय म्हन्ती वं ही? हिच्या दातात काई अडकलंय का?" तिनं गयासमियांना विचारलं. आणि म्हणून नानासाहेब म्हणाले ते म्हणाले.

मी एकदा त्यांच्याकडं बघितलं. खरंच म्हणताय? मग पाठ सरळ केली आणि वाचलं. आधी थोडा मोठ्यानं. आवडाबाईचं तोंड उजळलं, "हां, आता कसं!" आणि त्या 'आता कसं' नं माझं काय झालं कोण जाणे, आवाज पोटातून निघाला. कागदावरचं मौजे, गट नंबर, उत्तरेस ओढा, दक्षिणेस विहीर, त्या विहिरीवर चिंच, एकेक शब्द मी असा म्हणत होते की मला समोर ती चिंच दिसत होती. किती दिवसांनी भेटत होता मला माझा आवाज! दंडापासून बोटांपर्यंत मुंग्या येत होत्या, टाळूला हवा लागत होती. आम्ही औरंगपुऱ्यात नव्हतोच, मी माळ्यावर होते आणि खाली वाऱ्यानं ज्वारी हलत होती. पंखा बिघडलेला म्हणून खिडकी उघडी होती. खाली बोळातल्या हॉटेलात कपबशा वाजत होत्या त्या वाजायच्या थांबल्या, हे मला कळलं, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. आणि त्याच भरात मी वाचून गेले, "प्रतिवादी हा लबाड, दांडगा व कावेबाज इसम असून..."

"थांब," आवडाबाई म्हणाली. "कोन लबाड?"

"प्रतिवादी."

"त्यो कोन?"

"तुमचा भाऊ. पुंजाराम."

"माझा पुंजा? लबाड?" ती उठून उभी राहिली. तिचाही आवाज काही कमी नव्हता, कानानं कमी ऐकणाऱ्यांचा नसतोच. "कोन्या मुडद्यानं लिव्हलं हे?"

नानासाहेब छताच्या पंख्याकडं बघायला लागले. गयासमियां शाईची बाटली शोधायला लागले, ती त्यांच्या हातातच होती. मी माझ्या बोटांकडं बघितलं. "त्यो हट्टी हाय," आवडाबाई म्हणत होती, "लई हट्टी हाय, बापावर गेलाय. बोलत नाय, ऐकत नाय. पर लबाड? माज्या बाळंतपनात पुरातून पोहत औषिद आनलं त्यानं. अन् मी गरीब न् अडानी? मला हिस्सा पायजे तो माज्या बापाचा हाय म्हनून, मी अडानी हाय म्हनून नाय! ह्या कागदावर मी अंगठा करनार नाय. करा काय करायचं ते."

आणि खालून, बोळातून, एक आवाज आला. "आवडे! म्या लबाड?"

आवडाबाई खिडकीशी गेली, खाली वाकली आणि म्हणाली, "तू अजून हितंच बसलाय व्हय? च्या झाला का?" मग माझ्या ध्यानात आलं. गावाहून सकाळची गाडी एकच. ही दाव्यावर अंगठा करायला निघाली, तो तिच्या नोटिशीला उत्तर द्यायला स्वतःचा वकील गाठायला निघाला, तर येणार दोघं त्याच गाडीनं. शेजारी बसले असतील, एक शब्द न बोलता. आणि बहिणीला शहरातल्या गल्ल्या कळत नाहीत म्हणून त्यानंच तिला आमच्या जिन्यापर्यंत आणून सोडलं असेल, तिच्याच वकिलाच्या जिन्यापर्यंत, स्वतःवरचा दावा लावायला! आणि तिला परत न्यायचं म्हणून खाली हॉटेलात चहा घेत बसला. हे मला एका क्षणात कळलं, कारण आमच्याकडं हे असंच चालतं. आणि ज्या खिडकीखाली तो बसला होता तिथून मी त्याला लबाड म्हटलं होतं, साऱ्या औरंगपुऱ्याला ऐकू जाईल असं.

जिन्यावर पावलं वाजली. झालं. दुसऱ्याच्या घरची न्हाणी मी चव्हाट्यावर मांडली. मला दिसायला लागलं, सिल्लोडची गाडी, मांडीवर पत्र्याची पेटी, सासू दारात उभी, आली का गं, बरं झालं. बद्रीनाथ सुट्टीला यायचा आणि प्रेमानं विचारायचा, कसं काय. आणि शेतात काठीला बांधलेला तो सदरा. एका आवाजानं मला माळ्यावरून उतरवलं होतं, त्याच आवाजानं आता इथूनही उतरवलं. रागच आला मला. माझा आला, नानासाहेबांचा आला. तुम्हीच म्हणालात ना मोठ्यानं? तोंडावर म्हणायची मात्र छाती झाली नाही.

पुंजाराम दारात आला. धिप्पाड म्हातारा, हातात बहिणीची पिशवी. ती त्याच्याकडं कशी राहिली होती देव जाणे. तो बहिणीकडं न बघता मला म्हणाला, "बाई, तुमीच वाचत होता का?" मी मान हलवली. "लई झ्याक वाचता," तो म्हणाला. "माजं नाव आख्ख्या हॉटेलानं ऐकलं." मग बहिणीकडं वळला, "मला हट्टी म्हनलीस ते बी ऐकलं."

"हायेसच."

"हिस्सा पायजे असं तू मला कवा म्हनली? कागद धाडला निस्ता, वकिलाचा."

"दोन दिवाळ्या म्हन्ते हाय! तू न्यायलाच आला नाय, तर म्हनू कुनाला, भिताडाला?"

तो पिशवीच्या बंदाशी खेळत राहिला. नानासाहेब तेव्हा पहिल्यांदा बोलले, कडक आवाजात, "पुंजाराम, तुमच्या वकिलाशिवाय मी तुमच्याशी एक अक्षर बोलणार नाही. गयासमियां, समोरच्या बोळातून त्यांना बोलावून आणा." गयासमियां निघाले, आणि जाताना त्यांनी माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केला. तो कशाबद्दल हे मला काही कळलं नाही, पण जरा धीर आला.

उरलेला सगळा दिवस वाटणीपत्रात गेला. दोन वकील समोरासमोर बसले, बहीण-भाऊ एका बाकावर बसले, आणि भांडण चिंचेवरून झालं. जमिनीवरून नाहीच, चिंचेवरून. चिंच दोघांनाही पाहिजे होती. शेवटी विहिरीकडचा तुकडा आवडाबाईला, आणि चिंच दोघांत. नानासाहेब सांगत गेले, मी घेत गेले. शेवटाकडं येऊन त्यांनी हात हवेत फिरवला, म्हणाले, "पुढं नेह—" आणि तिथंच थांबले. हात तसाच वर राहिला. मग तो खाली घेऊन ते म्हणाले, "पुढं, आवडाबाई, तुम्ही सांगा." आवडाबाई म्हणाली, "लिव्ह, पुंजानं दर दिवाळीला मला न्यायला यावं." दुसरे वकील हसले, हे असं वाटणीपत्रात बसत नाही म्हणाले. नानासाहेब म्हणाले, "बसवा."

टाईप झालं तसं मी उठले आणि आधी खिडकी लावायला गेले. "राहू द्या," नानासाहेब म्हणाले. "हे ऐकू द्या सगळ्यांना. आणि मोठ्यानं." मग मी वाचलं. माळ्यावर उभी असल्यासारखं वाचलं. खाली कपबशा पुन्हा थांबल्या. दिवाळीच्या वाक्याला पुंजारामनं खांद्यावरचं उपरणं तोंडावर घेतलं आणि बराच वेळ काढलं नाही.

अंगठे झाले, माणसं गेली. उन्हं कलली. मी मशीनवर आच्छादन घातलं, कार्बन मोजून ठेवले, पुन्हा मोजले. नानासाहेब कागदात. "बरं, येते," मी म्हटलं, ओठातल्या ओठात. "हं," ते म्हणाले. एवढंच. सकाळी दावा गेला त्यांच्या हातचा, वर माझी ही करणी, मी काय विचारणार? मी जिना उतरले. बोळात आले. हॉटेलवाल्यानं मला बघून कपाळाला हात लावून सलाम केला, मी त्याच्याकडं बघितलंच नाही. कोपऱ्यापर्यंत गेले. गाडी, पेटी, सासू, सदरा. आणि तिथं माझे पाय थांबले. बद्रीनाथ विचारणार, काय झालं, आणि मी काय सांगणार, कळलं नाही? विचारलं नाही, का तर आवाज जास्त होईल म्हणून? आवडाबाईसुद्धा दोन दिवाळ्या भिंतीशीच बोलत बसली होती. मी मागं वळले. खिडकी उघडीच होती. मी बोळाच्या मधोमध उभी राहिले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाळी दिली.

"नानासाहेऽऽब! उद्या येऊ काऽऽ?"

सायकली थांबल्या. बोळातल्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. समोरच्या पत्र्यावरची कबुतरं झाडून सगळी उठली आणि शहागंजाकडं गेली. खिडकीत आधी गयासमियांची टोपी दिसली, ती हलत होती, हसत होते ते. मग त्यांना बाजूला सारून नानासाहेब स्वतः आले, चष्मा कपाळावर, आणि माझ्याइतक्याच मोठ्यानं ओरडले,

"हळू, बाई, हळू! अकराला याऽऽ!"